हरकत असल्यास कळवावे

दि. ३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र घेतलंस खरं, पण ते कानापेक्षा डबीतच जास्त असतं, अशी तक्रार वहिनींनी समासात बारीक अक्षरात केली आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून तर आपली ही पत्रं चालू राहिली. तेव्हा त्या डबीवर माझा राग नाही. पण वहिनींच्या घशाचा तरी विचार कर.

आता कामाचं. आमची बोलक्या पुस्तकांची संस्था बंद करायचं ठरलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची, कॅसेटवर घ्यायची आणि कापडी पिशवीत घालून टपालाने घरोघर पाठवायची, हे काम सव्वीस वर्षं केलं. एके काळी आम्ही वीस वाचक होतो, आता तिघं उरलो. एक मी, दुसरे आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, आणि तिसरे खजिनदार, ज्यांना हल्ली एका वाक्यात तीनदा खोकला येतो. शिवाय आता फोनच पुस्तक वाचून दाखवतो म्हणे. घरमालकालाही खोली हवी आहे. डॉक्टर म्हणाले की रडतखडत चालवण्यापेक्षा मानाने मिटवू, आणि आम्ही माना हलवल्या.

मिटवायचं म्हटल्यावर मात्र एकेकाचे रंग दिसायला लागलेत. आम्ही ज्या काचेच्या खोलीत बसून वाचतो तिथल्या खुर्चीवर डॉक्टरांचा डोळा आहे. म्हणतात, इतकी वर्षं बसून तिला माझ्या पाठीचा आकार आलाय. खजिनदार कपाटाची रुंदी टेपने मोजून गेले. मी आपली साधी किटली मागितली, तर दोघांनी असे डोळे वटारले की जणू मी तिजोरीच्या किल्ल्या मागितल्या. तू जन्मभर नोंदणी कचेरीत संस्थांची बारशी केलीस आणि बाराव्यालाही तूच उभा राहिलास. तेव्हा कोणी काय न्यायचं ते एकदा सांगून टाक, म्हणजे आमचं भांडण मिटेल.

लोभ आहे, तो असाच वाढता ठेव आणि यंत्र कानात ठेव.

तुझी,
ठमी


दि. ९ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग कपाळाला हात लावला. कोणी काय न्यायचं म्हणजे? कोणी काहीही न्यायचं नाही. खुर्ची नाही, कपाट नाही, तुझी किटलीही नाही. संस्था म्हणजे तुम्हा तिघांचं एकत्र कुटुंब नव्हे, की वाटण्या झाल्या आणि धाकटीच्या वाट्याला किटली आली.

नीट वाच. आधी संस्थेची देणी भागवायची. मग जे उरेल ते सभासदांत वाटता येत नाही, तशाच कामाच्या दुसऱ्या एखाद्या नोंदलेल्या संस्थेला द्यावं लागतं. कोणाला द्यायचं ते सर्वसाधारण सभेत ठरवा. तुमचे श्रोते वर्षाला नाममात्र का होईना वर्गणी देतात, म्हणजे तेही सभासदच. त्यांनाही सभा कळवली पाहिजे. तुमची घटना काढून बघ. तुझ्याच सांगण्यावरून ती मी लिहून दिली होती, आणि मला आठवतं त्याप्रमाणे दारावर नोटीस चिकटवणं आणि वर्तमानपत्रात देणं एवढं पुरे आहे. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत तर अर्धा तास तहकूब करा आणि तिथेच पुन्हा भरवा, मग जितके असतील तितक्यांत चालते.

नोटिशीचा मसुदा देतो, त्यातला काना-मात्राही बदलू नकोस. सर्व सभासद व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर संस्था विसर्जित करण्याचे व तिची शिल्लक मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेस देण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल. टाइप चांगला ठळक घे, म्हणजे दिसलं नाही असं उद्या कोणी म्हणायला नको.

डॉक्टरांना सांग, पाठीचा आकार त्यांचा असला तरी खुर्ची संस्थेची आहे. तुझी वहिनी बरी आहे, घसा बसला आहे.

दादाचे आशीर्वाद


दि. २८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तस्सं केलं. नोटीस ठळक टाइपात छापली आणि दारावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवली. खजिनदारांनी तीनदा मागे सरून ती सरळ आहे ना ते पाहिलं. वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर, भाड्याच्या खोल्या आणि हरवलेल्या कुत्र्यांच्या मधोमध जागा मिळाली. शिवाय माझं डोकं चालवून मी टपालाच्या शेवटच्या फेरीत प्रत्येक पिशवीत छापील चिठ्ठी घातली, की संस्था बंद होत आहे, कॅसेटी परत पाठवाव्यात. पिशव्या जवळपास सगळ्या परत आल्यासुद्धा.

सभेला सात माणसं आली. आम्ही तिघं, डॉक्टरांची बायको, माझी शेजारीण आणि दोन जुने वाचक. श्रोत्यांपैकी कोणी फिरकलं नाही. मग अर्धा तास चहा घेतला आणि सभा पुन्हा भरवली. मुदत संपेपर्यंत एकही हरकत आली नाही. डॉक्टर म्हणाले की आपले श्रोते भारी समजूतदार. मलाही भरून आलं.

सामान इथल्या कॉलेजला दिलं. त्यांनाही आवाज मुद्रित करायची खोली उघडायची आहे. प्राचार्य फार गोड माणूस. त्या खोलीबाहेर आईच्या नावाची पाटी लावणार आहेत, कारण आपलं पहिलं यंत्र आईच्या देणगीतून आलं होतं. मी मागितलं नाही हो, फक्त बोलता बोलता दोनदा विषय काढला. ट्रकमध्ये काचा चढवताना मी दोनदा आत जाऊन रिकामी खोली बघून आले, पण फोटो मात्र छान आलेत. डॉक्टरांनी खुर्चीचा शेवटचा निरोप घेतला तो फोटो वहिनींना पाठवते आहे.

आता फक्त घरमालकाला किल्ली द्यायची राहिली आहे. सगळं तुझ्यामुळे इतकं सुरळीत झालं की मला माझंच कौतुक वाटतंय. तुझा लोभ आहेच, पण थोडी शाबासकीही येऊ दे.

तुझी,
ठमी


दि. ३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाबास! तुझं पत्र वहिनीला मीच मोठ्याने वाचून दाखवलं. इतकी देखणी फाइल माझ्या टेबलावर नोकरीत असतानाही क्वचित आली. नाहीतर लोक पंख्यावरून कोर्टात जातात.

सोबत प्रतिज्ञापत्राचा नमुना पाठवतो. सर्व सभासदांना रीतसर कळविले व कोणाचीही हरकत नाही, असं त्यात आहे. तुम्ही तिघांनी सह्या करून महिनाअखेर कचेरीत द्या. ते पोचलं की शेवटचा हुकूम निघेल आणि तुम्ही मोकळे. कचेरीतल्या हल्लीच्या साहेबांना मी एका ओळीने कळवून ठेवलं आहे, की ही माझ्या बहिणीची फाइल.

आईच्या पाटीचं ऐकून बरं वाटलं. पाटी लागली की फोटो पाठव.

दादाचे आशीर्वाद


दि. ११ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाबासकी परत घे. मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू ते सुचत नाही.

किल्ली द्यायला गेले होते. जिना चढून वर आले तर संस्थेच्या दारासमोर एक बाई उभ्या होत्या. साठीच्या असतील. काठी काखेत धरलेली, खांद्यावर आपली कापडी पिशवी. त्यांचा तळहात नोटिशीवरून फिरत होता, चिकटपट्टीच्या कडेकडेने, वरून खाली. माझी चाहूल लागली तशी त्यांनी विचारलं की कोणी आहे का, घंटा केव्हाची वाजवते आहे, आणि हा कागद कसला लावलाय.

मी म्हणाले की मी वाचून दाखवते. दादा, खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता. सव्वीस वर्षांची सवय. कागद समोर आला, घसा साफ केला आणि लागले वाचायला. सर्व सभासद व संबंधितांस, इथवर आले आणि त्या हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, तुम्ही! दीपगृहवालीचं पुस्तक वाचणाऱ्या! माझा आवाज त्यांच्या घरात कितीतरी वर्षं आहे. पुढे वाचत गेले तसं त्यांचं हसू गेलं. हरकत असल्यास लेखी कळवावे, इथे माझं बोट ओळीवरच राहिलं. ते वाक्य मी डोळ्यांनी शंभरदा वाचलं होतं. तोंडाने पहिल्यांदाच वाचत होते, आणि तेही त्यांच्यासमोर.

त्यांनी तळहात कागदावरून काढून घेतला. मग अगदी साधेपणाने विचारलं की ही नोटीस कोणासाठी लावली होती. दादा, आम्ही त्यांना पुस्तकांच्या पुस्तकं वाचून दाखवली आणि नेमका हा एक कागद तेवढा वाचून दाखवला नाही. पिशवीतली माझी ती हुशारीची चिठ्ठी त्यांना टपालाची पावती वाटली होती, त्यांनी ती टाकून दिली. त्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. आमचा फोन कापलेला, म्हणून दोन बस बदलून आल्या. कशाला, तर दीपगृहाच्या पहारेकऱ्याच्या बायकोची जी कादंबरी मी वाचत होते, तिचे पुढचे भाग का आले नाहीत ते विचारायला. ती बाई वादळात होडी घेऊन निघते तिथे मी थांबले होते. संस्था बंद करायच्या गडबडीत पुस्तक अर्धवट राहिलं आहे हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं.

मी तशीच कॉलेजात गेले. यंत्रं नव्या खोलीत मांडली आहेत, कपाटांना रंग दिला आहे. कॅसेटी मात्र जिन्याखाली गोण्यांत भरून ठेवल्यात. प्राचार्य त्याच गोड आवाजात म्हणाले की कॅसेटी आता कोण ऐकतं, महिनाअखेर भंगारवाला येणार आहे. मी त्यांना ऐकणाऱ्या एक बाई आताच भेटल्या असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पाटीचा नमुना दाखवत होते ते, त्यावर आईचं नाव होतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला आजवर नाटकी वाटायचं. आता काय करू ते लवकर कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ठमी


दि. १७ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जीव कळवळला हे समजू शकतो. लहानपणीही भांडं तू फोडलं नसलंस तरी आधी तूच रडायचीस. पण आता डोकं ताळ्यावर ठेव.

रीत पाळली गेली आहे. घटनेत जे लिहिलं आहे ते तुम्ही केलं, वर चिठ्ठीही घातली. कायदा कळवलं का एवढंच विचारतो, कळलं का असं विचारत नाही. तसं विचारायला लागलो तर या जगात एकही संस्था बंद व्हायची नाही. राहता राहिल्या त्या ऑपरेटरबाई. त्यांना घरी जाऊन भेट, हवं तर पुस्तक वाचून दाखव, गोड बोल. एका माणसाच्या नाराजीसाठी सगळी फाइल उसवायची नसते. कॅसेटींचं म्हणशील तर कॉलेजला दिल्यावर त्या कॉलेजच्या, त्यांनी त्यांचं काहीही करावं.

आणि माझाही थोडा विचार कर. कचेरीत मी शब्द टाकला आहे. तीच फाइल आता चुकली म्हणून परत आली तर लोक काय म्हणतील? डॉक्टर आणि खजिनदार दोघेही मानाची माणसं आहेत. तेव्हा सही कर आणि पाठवून दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादाचे आशीर्वाद


दि. २४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सही केलेली नाही. करणारही नाही. तू मोठा आहेस म्हणून नमस्कार वर लिहिला आहे, पण तुझं पत्र वाचून मला तुझीही लाज वाटली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

ऑपरेटरबाईंकडे गेले होते. तुझ्या सांगण्यावरून नाही, त्याआधीच. दोन खोल्यांचं घर, एकही वस्तू जागेवरून हललेली नाही, आणि पलंगाशेजारी आपल्या कॅसेटींचा वाजवायचा डबा. गोड बोलायची सोयच नव्हती, कारण बाई स्वतः गोड नाहीत. म्हणाल्या की तुम्ही वाक्याचं शेपूट खाता, मला तीनदा मागे नेऊन ऐकावं लागतं. डॉक्टरांच्या वाचनात म्हणे सगळ्या नायिकांची दाढ दुखत असते. मी कादंबरी बरोबर नेली होती. दोन दुपारी बसून उरलेली संपवली. संपल्यावर आभारबिभार काही नाही, पहारेकऱ्याच्या बायकोने नवऱ्याला फार लवकर घरात घेतलं, एवढंच म्हणाल्या.

मग मी धीर करून विचारलं की तुमची हरकत कशाला आहे. त्या म्हणाल्या, संस्था बंद करायला माझी हरकत नव्हती. सगळं कधीतरी बंद होतंच, माझा टेलिफोनचा बोर्डही झाला. तुम्ही विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. विचारलं नाहीत, म्हणून आता हो म्हणवत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. श्रोत्यांचं स्वतःचं एक मंडळ आहे, रीतसर नोंदलेलं. बागेजवळच्या एका खोलीत दर आठवड्याला जमतात आणि आमच्याच कॅसेटी ऐकून वाद घालतात. तूच लिहिलं होतंस ना, तशाच कामाची संस्था शोधा म्हणून? आम्ही शोधलीच नाही. पाटी लावणारी संस्था तेवढी शोधली, आणि ती मी शोधली. प्राचार्यांना मी पाटी नको म्हणून कळवलं आहे. आईच्या नावावर मीच मिरवून घेत होते.

खजिनदारांनी सही आधीच करून ठेवली होती. मी नाही म्हटल्यावर ते इतके खोकले की पाणी द्यावं लागलं. डॉक्टर भडकले, म्हणाले की पिकल्या केसांनिशी जगभर हसं करून घ्यायचं का? पण दुसऱ्या दिवशी तेच गाडी घेऊन आले आणि आम्ही दोघांनी जिन्याखालच्या गोण्या उचलून आणल्या. प्राचार्य दारात उभे राहून बघत होते. आता माझ्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण सहीही केलेली नाही.

सभा पुन्हा घ्यायची तर काय करावं लागेल ते सांग. सांगायचं नसेल तर तसं कळव, मी दुसऱ्या कोणाला विचारीन.

ठमी


दि. ३० ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा सापडत नव्हता, म्हणून वहिनीने वाचलं. यंत्र कानात घालून ऐकलं. ती वाचून थांबली आणि म्हणाली की ज्याला ऐकू येत नाही त्याने नोटीस लिहिली आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लावली, वा रे कारभार. मी तिच्यावर ओरडणार होतो, पण तेच पान पुन्हा वाचायला सांगितलं.

याच महिन्याच्या मध्यावर आमच्या सोसायटीची सभा झाली. मी कोपऱ्यात बसलो होतो, यंत्र डबीत. काय चाललंय ते कळत नव्हतं आणि विचारायचा कमीपणा वाटत होता, म्हणून सगळ्यांबरोबर मान हलवत होतो. नंतर कळलं की गच्चीला कुलूप लावायचा ठराव एकमताने झाला. त्या एकमतात मीही होतो. माझं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. घरी येऊन मी थयथयाट केला की मला कोणी विचारलंच नाही! आणि त्याच आठवड्यात तुला सही कर म्हणून ते पत्र लिहिलं.

नोकरीत मी अशा किती फायली पुढे सरकवल्या ते आठवत नाही. मुदतीत हरकत नाही, असा शेरा मारायचो आणि चहाला जायचो. अक्षर वळणदार म्हणून कौतुक व्हायचं. एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्या नोटिशा कुठल्या दारांवर लागल्या असतील आणि त्या दारांवरून कोण जात असेल. ठमे, मला फार लाज वाटते आहे. या वयात ती निवतही नाही.

आता ऐक. कचेरीला तुम्ही स्वतःहून लिहा की सभासदांना कळवण्यात आमच्याकडून चूक झाली, मुदत वाढवून मिळावी. साहेबांना मी वेगळं लिहिलं आहे की मसुदा माझा होता. प्रत्येक श्रोत्याला फोन कर, नोटीस वाचून दाखव, आणि हरकत तोंडी घे. लेखी हा शब्द मी घातला होता, तो काढ.

सोबत एक कागद आहे. त्यावर चार ओळी आहेत, माझी माफी. सभेत तुझ्या आवाजात वाचून दाखव. मला स्वतः येऊन वाचायचं धैर्य नाही, आणि लोक काय म्हणाले ते मला ऐकूही यायचं नाही.

तुझा,
दादा


दि. ७ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सभा झाली. माझ्या जुन्या शाळेतला चित्रकलेचा वर्ग मिळाला होता, रंगांचा वास येत होता सगळीकडे. बाकं भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडल्या. नोटीस मी फोनवर एकेकाला वाचून दाखवली होती. काहींनी ती दोनदा वाचायला लावली. सगळे मिळून तीसेक जण आले.

डॉक्टरांनी ठराव छान खणखणीत वाचला. मग म्हणाले की जे बाजूने असतील त्यांनी कृपया हात वर करावेत. दादा, मीही हात वर केला! शेजारी खजिनदारांनी केला. थोडे श्रोत्यांचेही वर गेले. मग ऑपरेटरबाईंनी विचारलं की हात वर झाले असतील, पण किती आणि कोणाचे ते आम्हाला कोण सांगणार. डॉक्टरांचे कान लाल झाले आणि मी हात हळूच खाली घेतला, जणू कोणी बघत होतं. एवढा दोन महिने पश्चात्ताप केला, रात्ररात्र झोपले नाही, आणि तरी पुन्हा तेच. लाज वाटून माणूस सुधारतो असं मला वाटत होतं.

मग त्यांच्या पद्धतीने मतं घेतली. एकेकाने आपलं नाव सांगायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. ती नावं मी वर्षानुवर्षं पिशव्यांवर माझ्या हाताने लिहिली आहेत. आवाज एकही ओळखीचा नव्हता. कोणी घोगरा, कोणी अगदी मुलीसारखा कोवळा, एक जण शब्दाआधी जरा अडखळणारा. आम्ही काचेच्या खोलीत बसून नुसतं बोलत राहिलो, आणि ही माणसं पलीकडे इतकी वर्षं होती.

सगळ्यांनी हो म्हटलं. संस्था बंद करायला हो, यंत्रं आणि कपाटं कॉलेजकडे राहू द्यायला हो. ऑपरेटरबाईंनीही. कॅसेटी तेवढ्या त्यांच्या मंडळाला गेल्या. म्हणजे बघ, एवढं करून निकाल जवळपास तोच लागला जो आम्ही सात जणांनी चहा पीत लावला होता. विचारलं असतं तर जूनमध्येच झालं असतं. घरी परतताना मला त्याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटत होतं.

शेवटी मी उभी राहिले. तुझा कागद आणि माझा कागद, दोन्ही हातात होते. म्हणाले की आणखी एक ठराव मांडायचा आहे, आमच्या तिघांच्या आणि माझ्या दादाच्या वतीने आपली सर्वांची माफी मागण्याचा. पहिलं वाक्य सुरू केलं तोच ऑपरेटरबाईंनी थांबवलं. रागाने नाही. टेलिफोनवर चुकीचा नंबर लागला की जसं सांगत असतील तसं. म्हणाल्या की हा विषय आजच्या सभेत येत नाही. संस्था आता संपली, तिचं जे होतं ते देऊन झालं. माफी काही संस्थेची नव्हती, ती तुमची आहे, तुम्ही घरी न्या. खुर्च्या सरकल्या, काठ्या उघडल्या, आणि कोणीतरी बसथांब्याकडे कोण येतंय ते विचारलं. मी दारात उभं राहून एकेकाला पायरी दाखवू लागले, पण त्यांनी येतानाच पायऱ्या मोजल्या होत्या.

माझा कागद पर्समध्ये आहे. तुझा पाकिटात घालून परत पाठवते आहे. वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, विचारून घेते आहे.

तुझी,
ठमी